पर्ल म्हणजे मोती, पण कोणता? १९२१ ते १९२४ च्या एका वादाचा प्रकरण अभ्यास

१९२१ च्या मे महिन्यात लंडनच्या जवाहिऱ्यांची झोप उडाली. जपानहून आलेले मोती बाजारात विकले जात होते आणि ते नेहमीच्या मोत्यांहून वेगळे आहेत, हे मुरलेल्या पारख्यांनाही नजरेने ओळखता येत नव्हते. पाणी तेच, हातात धरल्यावर भार तसाच, दातावर घासले तरी तोच खरखरीत स्पर्श. भाव मात्र साधारण पाव हिश्श्याने कमी. एका सायंदैनिकाने बातमी छापली आणि बाजारात एकच प्रश्न घुमू लागला: हा माल 'पर्ल' म्हणून विकता येईल का?

वरवर हा व्यापाराचा तंटा दिसतो. मला त्यात रस वाटला तो भाषेमुळे. एका शब्दाचा अर्थ काय, यावर कोट्यवधींची मालमत्ता, हजारो पाणबुड्यांची रोजीरोटी आणि आपल्या मुंबईतली एक मोठी बाजारपेठ टांगणीला लागल्याचे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही.

शब्द आधी कुठे कुठे होता

इंग्रजीतला 'पर्ल' हा शब्द भलताच पसरलेला. आपली बाजरी इंग्रजीत 'पर्ल मिलेट' होते. साबुदाण्याच्या दाण्यांना 'टॅपिओका पर्ल्स' म्हणतात. छापखान्यातल्या जुन्या जुळाऱ्यांकडे 'पर्ल' नावाचा बारीक टाइप असे, पाच पॉइंटांचा. हवाई बेटांवर त्या नावाचे बंदर आहे. चीनमधल्या झुजियांग नदीला इंग्रज 'पर्ल रिव्हर' म्हणतात. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये संगणकाची एक भाषा आणली. तिलाही त्यांना हेच नाव द्यायचे होते, पण त्या नावाची भाषा आधीपासून असल्याचे कळल्यावर इंग्रजी स्पेलिंगमधले एक अक्षर गाळून त्यांनी वाट काढली.

इतके अर्थ असूनही कुणाची फसगत होत नाही. किराणा दुकानात 'पर्ल' मागणाऱ्याला कुणी हार दाखवत नाही. आजूबाजूचे शब्द आणि जागा अर्थ ठरवून टाकतात. गोंधळ झाला तो या शब्दाच्या सगळ्यात जुन्या अर्थात. शिंपल्यातला मोती, जो सर्वांना ठाऊक आहे असे सगळे धरून चालले होते, तोच नेमका कुणी बांधून ठेवलेला नव्हता.

तोब्याचा मिकिमोतो

कोकिची मिकिमोतो यांचा जन्म १८५८ चा, जपानच्या किनाऱ्यावरच्या तोबा गावचा. वडिलांचा उदोन शेवयांचा धंदा. त्या किनाऱ्यावरचे मोत्यांचे शिंपले उपसून उपसून संपत आले होते. शिंपले पाळायचे आणि त्यांच्याकडून मोती करून घ्यायचे, या ध्यासाला ते लागले. ११ जुलै १८९३ रोजी तोब्याजवळच्या एका छोट्या बेटापाशी टांगलेल्या शिंपल्यांत त्यांना आणि त्यांची पत्नी उमे यांना अर्धगोल मोती मिळाले, शिंपल्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेले. १८९६ मध्ये पेटंट मिळाले आणि १८९९ मध्ये टोकियोच्या गिन्झा भागात दुकान उघडले.

अर्धगोल मोत्याने कुणाचे काही बिघडत नव्हते. मागची सपाट बाजू पाहिली की सोनाराला लगेच कळे. खरा धक्का गोल मोत्याचा. १९०५ मध्ये आगो उपसागरात तांबड्या पाण्याची लाट आली, म्हणजे सूक्ष्म जीवांची बेसुमार वाढ झाली, आणि त्यांचे साडेआठ लाख शिंपले मेले. त्या मेलेल्या शिंपल्यांतच पूर्ण गोल मोती सापडले. याच सुमारास तातसुहेई मिसे आणि तोकिची निशिकावा हे दोघे आपापल्या वाटेने गोल मोत्याच्या कृतीपर्यंत पोहोचले होते. निशिकावा मिकिमोतोंचे जावई. आज जगभर जी पद्धत चालते तिला या दोघांचे नाव आहे आणि ते योग्यच आहे. मिकिमोतोंची थोरवी मोती बाजारात उभा करण्यात, तो विकण्यात आणि त्याच्या नावासाठी भांडण्यात होती.

पद्धत थोडक्यात अशी. शिंपल्यातला जीव आपल्या अंगावरच्या पातळ पडद्यातून चमकदार द्रव्य सोडत असतो आणि त्याचेच थर कवचाच्या आत बसतात. हा पडदा फाटून त्याच्या पेशी आत कुठेतरी अडकल्या, तर त्या तिथेही थर देत राहतात. असा तयार होतो निसर्गातला मोती. वाळूचा कण आत जातो आणि त्याचा मोती होतो ही गोष्ट लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकली, पण नुसत्या कणाने काम होत नाही, त्या पेशी लागतात. माणसाने हेच हाताने केले: दुसऱ्या शिंपल्याच्या पडद्याचा छोटा तुकडा आणि सोबत जाड कवचातून कोरलेली एक गोळी जिवंत शिंपल्याच्या पोटात बसवली. ही गोळी बरेचदा अमेरिकेतल्या नद्यांमधल्या शिंपल्यांची. मग शिंपला परत समुद्रात सोडायचा आणि वाट पाहायची. वरचे थर शिंपल्याचेच, समुद्रातच चढलेले. आत गोळी आहे, ती माणसाने ठेवलेली आहे, एवढाच फरक.

दोन बाजू, आणि दोघांचेही म्हणणे सरळ

व्यापाऱ्यांचे म्हणणे असे होते. गिऱ्हाईक 'पर्ल' म्हणून पैसे मोजते तेव्हा ते चमकत्या गोळ्याचे मोजत नाही. चमकते गोळे पॅरिसमध्ये सतराव्या शतकापासून काचेच्या मण्यांत माशांच्या खवल्यांचे सत्त्व भरून होत होतेच आणि ते स्वस्तात मिळत. गिऱ्हाईक मोजते ते दुर्मीळपणाचे. शेकडो शिंपले फोडावेत तेव्हा एखादा बरा मोती हाती लागतो, म्हणून तर त्याला किंमत. ज्याच्या पोटात माणसाने गोळी ठेवली, त्याला त्याच नावाने विकणे म्हणजे गिऱ्हाइकाला अंधारात ठेवणे.

जपानी बाजूचे म्हणणेही तितकेच ठाम. खवल्यांच्या मण्याशी आमची तुलना करू नका. हा मोती जिवंत शिंपल्यात झाला, त्याचे थर तेच, त्याचे पाणी तेच. माणसाने फक्त सुरुवात करून दिली.

शास्त्रज्ञांचे मत जपानी बाजूला झुकले. मोत्यांच्या उत्पत्तीवर आधीपासून काम केलेले हेन्री लिस्टर जेम्सन लंडनमध्ये याच्या बाजूने बोलले. फ्रान्समध्ये बोर्दोचे प्राणिशास्त्रज्ञ लुई बुताँ यांनीही जपानी मोत्यांना मोतीच मानले. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने त्यांना दुसरे म्हणता येणारच नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली थर पाहणाऱ्याला ते थर कुणाच्या सांगण्यावरून चढले याच्याशी कर्तव्य नसते.

माझ्या मते साऱ्या तंट्याची गाठ इथेच आहे. 'पर्ल' या शब्दात दोन अर्थ एकमेकांत मुरलेले होते. एक: शिंपल्यात थरांनी तयार झालेली वस्तू. दुसरा: माणसाचा हात न लागता, नशिबाने सापडलेली दुर्मीळ वस्तू. हजारो वर्षे हे दोन्ही नेहमी एकत्रच येत, त्यामुळे शब्द नेमका कशाचा, हे विचारायची वेळच कुणावर आली नाही. मिकिमोतोंच्या मोत्याने पहिला अर्थ पुरा केला आणि दुसरा सोडून दिला. शास्त्रज्ञ पहिल्या अर्थाने बोलत होते, व्यापारी दुसऱ्या. दोघेही खरे बोलत होते, आणि म्हणूनच भांडण मिटेना.

आपल्याकडेही मोत्याची ओळख जन्मावरूनच होत असे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, हत्ती, साप, शिंपला, शंख, ढग, वेळू, तिमी मासा आणि रानडुक्कर अशा आठ ठिकाणांहून मोती निघतात असे सांगितले आहे, आणि त्यांत शिंपल्यातले पुष्कळ आणि चांगले असतात असेही. यादीतले बरेचसे आज आपण मानणार नाही. पण हातातल्या मोत्याला 'तू कुठे जन्मलास?' असे विचारण्याची सवय किती जुनी आहे ते त्यावरून दिसते.

पॅरिस

पॅरिस तेव्हा जगातल्या मोत्यांची राजधानी. विरोध तिथे सगळ्यात कडवा झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. १९२४ मध्ये निकाल मिकिमोतोंच्या बाजूने लागला: हे मोती बनावट ठरवता येत नाहीत. पण नुसत्या 'पर्ल' या नावावरही त्यांना पूर्ण हक्क मिळाला नाही. व्यवहारात तडजोड रुळली ती 'कल्चर्ड पर्ल' या जोडशब्दाची. शेतीला, मशागतीला जो शब्द लावतात तोच मोत्याला लागला. मराठी सोनारांनी तो आणखी तोडून 'कल्चर मोती' केला आणि तो आता घरोघरी आहे.

१९२७ मध्ये मिकिमोतो अमेरिकेत थॉमस एडिसन यांना भेटले. माझ्या प्रयोगशाळेत दोन गोष्टी होऊ शकल्या नाहीत, हिरा आणि मोती, अशा अर्थाचे एडिसन यांचे उद्गार त्या भेटीनंतर सगळीकडे पसरले. एवढ्या मोठ्या संशोधकाने 'हा खराच मोती' म्हणणे ही जाहिरात पैसे देऊनही मिळाली नसती. पुढे १९३२ मध्ये कोबे शहरात त्यांनी हलक्या प्रतीच्या मोत्यांची रास जाहीरपणे जाळली. जपानी व्यापारी स्वस्त, पातळ थरांचा माल बाहेर पाठवून नाव घालवत होते, त्याविरुद्धचा हा इशारा होता. ज्या नावासाठी पॅरिसमध्ये लढलो ते आपल्याच लोकांकडून वाया जाऊ द्यायचे नाही, ही त्यामागची तळमळ मला खरी वाटते.

सुई आणि आरसे

विशेषण ठरले तरी ते कुणाला लावायचे हे ओळखायचे कसे? नजर हरलीच होती. १९२५ मध्ये लंडनच्या चेंबर ऑफ कॉमर्सने रत्नांच्या तपासणीसाठी प्रयोगशाळा उघडली आणि बेसिल अँडरसन या तरुण रसायनशास्त्रज्ञाला तिथे नेमले. ती उघडण्याचे मुख्य कारण मोती हेच होते.

फ्रान्समध्ये त्याच सुमारास निघालेले एक उपकरण विलक्षण साधे आणि हुशारीचे आहे. बारीक पोकळ सुई, तिच्यात दोन चिमुकले तिरपे आरसे. विंधलेल्या मोत्याच्या भोकात ही सुई घालायची आणि आतून प्रखर प्रकाश सोडायचा. नैसर्गिक मोत्यात थर कांद्यासारखे, एकाभोवती एक. प्रकाश त्या थरांतून गोल फिरून दुसऱ्या आरशावर येतो आणि पाहणाऱ्याला लखकन दिसतो. कल्चर मोत्याच्या पोटातली गोळी कवचातून कोरलेली, तिचे थर सरळ आणि समांतर. त्यात शिरलेला प्रकाश वळत नाही, सरळ बाहेर निघून जातो. आरसा अंधारातच राहतो. पुढे क्ष-किरणांनी हे काम न विंधलेल्या मोत्यातही होऊ लागले. बाजारात शब्दांवरून चाललेला वाद आता मोत्याच्या पोटातल्या थरांच्या दिशेवर येऊन ठेपला होता, आणि तिथे तरी उत्तर पक्के होते.

मुंबई आणि बसरा

या प्रकरणाचा आपल्याशी संबंध मोठा आहे. आपल्या घरांतली नथ, तन्मणी, चिंचपेटी, कुड्या, बुगड्या यांत पूर्वी जे मोती असत त्यांना आपण बसऱ्याचे मोती म्हणतो. ते बसऱ्याच्या पाण्यात निघत नव्हते. ते निघत बहारीन, कुवेत, कतार आणि आसपासच्या आखाती समुद्रात. बसरा हे व्यापाराचे बंदर, मोत्याने तिथले नाव उचलले. म्हणजे आपल्या मराठी शब्दातही जन्मगावापेक्षा बाजाराचाच शिक्का आहे.

हंगाम संपला की आखातातले अरब व्यापारी मोत्यांच्या लाल फडक्यातल्या पुरचुंड्या घेऊन मुंबईला येत. इथे मोती निवडले जात, प्रत लागे, विंधले जात, ओवले जात, आणि मग पुढे पॅरिस-लंडनला जात. जेद्दाचे मोहम्मद अली झैनल अलिरेझा, ज्यांनी मोत्यांच्या कमाईतून आपल्या देशात फलाह शाळा काढल्या, त्यांची पेढी मुंबईतच. आखातात भारतीय रुपया चाले आणि तो १९६० च्या दशकापर्यंत चालत राहिला, इतका हा संबंध घट्ट होता. मोत्याचा भाव वजनाच्या सरळ पटीत नसे, वजनाच्या वर्गावर असे. दुप्पट वजनाचा मोती चौपटीने महाग. म्हणून मोठा गोल मोती हाती लागणे म्हणजे घराण्याचे भाग्य उजळणे.

मराठी मनात मोत्याची जागा किती वर होती हे पानिपतच्या बातमीत कायमचे नोंदले गेले आहे. १७६१ मध्ये पेशव्यांकडे जो सांकेतिक निरोप गेला असे आपण शाळेत शिकलो, त्यात दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. मोती मोहरेच्याही वर. विश्वासराव आणि भाऊसाहेबांसाठी त्याहून उंच शब्द सावकारी भाषेत नव्हता.

ही उतरंड विसाव्या शतकात मोडली. मोत्याची पडझड एकट्या जपानी मोत्यामुळे झाली असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. १९२९ ची मंदी आली, श्रीमंतांच्या तिजोऱ्या आखडल्या. १९३२ मध्ये बहारीनमध्ये तेल लागले आणि पाणबुड्यांना कोरड्या जमिनीवर पगाराची कामे मिळाली. पण एक हार सगळे सांगून जातो. १९१७ मध्ये पिएर कार्तिए यांनी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरचा प्लांट कुटुंबाचा वाडा घेतला तो दोन सरांच्या मोत्यांच्या हाराच्या बदल्यात, वर फक्त शंभर डॉलर. हाराची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर धरली होती. मालकीणबाई गेल्यावर १९५७ मध्ये तेच मोती लिलावात निघाले तेव्हा दीड लाख डॉलरच्या आसपास आले. वाडा मात्र अजून उभा आहे, त्यात कार्तिए यांचे दुकान आहे.

१९२१ ते १९२४ मधल्या कुठल्याही बैठकीत समुद्राच्या तळाशी श्वास रोखून बसणाऱ्या त्या पाणबुड्याचे आणि मुंबईत मोती विंधणाऱ्या कारागिराचे म्हणणे कुणी ऐकल्याचे दिसत नाही. शब्दाचा अर्थ ठरवायला लंडन-पॅरिसचे व्यापारी, शास्त्रज्ञ आणि न्यायाधीश होते. अर्थ बदलल्याची किंमत दिली ती मात्र त्या पाणबुड्याने आणि कारागिराने. हे प्रकरण वाचताना मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट हीच.

विशेषण कुणाच्या माथी?

आता या सगळ्याचा आजचा निकाल पाहा. कागदावर व्यापारी जिंकले. सिब्जो हा जागतिक दागिने महासंघ नुसता 'पर्ल' शब्द नैसर्गिक मोत्यासाठीच राखून ठेवतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनची मार्गदर्शिकाही तेच सांगते: ज्याच्या निर्मितीला माणसाने कोणत्याही प्रकारे कारण दिले नाही तोच 'पर्ल', बाकीच्याला 'कल्चर्ड' किंवा 'इमिटेशन' जोडलेच पाहिजे. बहारीनने तर कल्चर मोत्यांचा व्यापारच आपल्या देशात बंद ठेवला आहे.

बोलण्यात मात्र उलटे झाले. आज दुकानात कुणी 'मोत्याचा सर दाखवा' म्हटले की समोर येतो तो कल्चर. जुन्याला विशेषण लावावे लागते: नैसर्गिक, अस्सल, बसरा. ज्याने शंभर वर्षांपूर्वी स्वतःचे नाव राखण्यासाठी दुसऱ्याला विशेषण लावले, त्याच्याच माथी ते येऊन बसले. कायदा व्याख्येला धरून राहिला आणि लोकांची जीभ संख्येमागे गेली. जे रोज दिसते त्याला साधे नाव, जे क्वचित दिसते त्याला लांब नाव.

व्यापाऱ्यांनी विशेषणाचा आग्रह धरला हे मला योग्य वाटते. घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हे कळलेच पाहिजे, आणि 'कल्चर' हा शब्द खोटा नाही, कमीपणाचाही नाही. चूक झाली ती सुरुवातीला, जपानी मोत्याला खवल्यांच्या मण्याच्या रांगेत बसवताना. ते न टिकणारे विधान होते, न्यायालयात पडले, आणि ते पडताना 'कुठे जन्मला ते सांगा' हा रास्त मुद्दाही दुबळा करून गेले. पहिल्या दिवसापासून 'मोती आहे, पण संवर्धित' एवढेच म्हटले असते तर तीन वर्षे वाचली असती.

व्याख्या अजूनही पुरी बसलेली नाही. शेतात पाळलेल्या शिंपल्यात कधी कधी गोळी बाहेर फेकली जाते, आणि पडद्याचा तुकडा एकटाच आत राहून एक वेडावाकडा मोती धरतो. जपानी लोक त्याला केशी म्हणतात, खसखशीवरून. त्याच्या पोटात गोळी नाही, सरळ थर नाहीत, त्यामुळे सुई आणि आरशांची जुनी परीक्षा इथे उपयोगाची नाही. तो कुणी ठरवून केला नाही, पण ज्या पेशींनी तो केला त्या माणसाने ठेवल्या होत्या. सिब्जोच्या नियमांनुसार केशी कल्चरमध्येच मोजतात. प्रयोगशाळेतले तज्ज्ञ आजही क्ष-किरणांच्या चित्रात त्याच्या मध्यभागी पोकळीची पुसट रेघ शोधत बसतात आणि मगच अहवालावर कोणता शब्द लिहायचा ते ठरवतात.